रेड वाईनच्या बाटल्या मित्रांत उघडण्याआधी

नाशिक, अकलूजच्या वायनरी फिरून आणलेल्या बाटल्या पोचल्या रात्रीच उघडू नका, दोन-चार दिवस विसावू द्या. आधी प्रत्येकीचं बूच बघा. वर सरकलंय, मानेवर चिकट ओघळ आहे? म्हणजे डिकीत वाईन तापली. ती एकट्यानंच चाखा. शिजवलेल्या मुरंब्यासारखा वास आला तर मित्रांपुढे आणूच नका.

रेड रूम टेम्परेचरला प्यावी म्हणतात, सोलापूरच्या उन्हाळ्यात ते विसरा. बर्फ आणि पाणी घातलेल्या बादलीत १५ मिनिटं ठेवा (नुसत्या बर्फात वेळ लागतो), मग १६-१८ अंशांवर ओता. गरम रेडमध्ये अल्कोहोलचाच भपका येतो.

७५० मिलीत ७५ मिलीचे १० ग्लास होतात. सांजोव्हेजे द्राक्षाची हलकी वाईन आधी, शिराझ-कॅबर्ने द्राक्षांची जड वाईन नंतर. शेंगाचटणी मात्र लांबच. तिखटावर टॅनिन (रेडला तुरटपणा देणारा घटक) जास्तच झोंबतं. कमी तिखटाचं सुकं मटण करा.