आधी कोयता बघा, मग तलवार रंगवा

सांगलीत बसून फ्रीलान्स गेम आर्ट करतो, त्यामुळे हॅन्ड-पेंटेड टेक्स्चरबद्दल (म्हणजे थ्रीडी मॉडेलवर चढवायचं हातानं रंगवलेलं चित्र) बरंच विचारतात लोक. त्यातले चार प्रश्न आज घेतोय.

दादा, माझ्या तलवारीचं पातं पीव्हीसी पाइपसारखं दिसतंय. स्क्रॅचेस टाकले, भारी ब्रश डाउनलोड केले, तरी लोखंड वाटत नाही. (तासगाव)

आधी ते स्क्रॅचेस काढ भावा. लो-पॉली, म्हणजे मोजक्याच पृष्ठभागांच्या, पात्याला धारेचा उतार मॉडेलमध्ये नसतोच जवळपास, आणि या स्टाइलमध्ये बऱ्याचदा एकच कलर मॅप (नुसत्या रंगांचं चित्र) असतो, म्हणजे उजेड, सावली, चमक सगळं तुलाच रंगवायचंय. घरी ऊसतोडीचा कोयता असेल ना, तो अंगणात नेऊन बघ नीट. कानशीनं घासलेली धार जवळजवळ पांढरी, तिला खेटूनच गडद पट्टा, मग काळपट निळसर अंग आणि मुठीजवळ गंजाचा तपकिरी. पाइपावर उजेड हळूहळू उतरतो, लोखंडावर तो एकदम तुटतो, तुझं सगळं तिथंच गंडलंय. गडद, मधला, उजळ असे तीनच टोन घे, झूम आउट करून तलवार अंगठ्याएवढी कर आणि तेवढ्यात धार कळली तरच पुढं जा. सावलीत नुसता काळा ओतू नको, थोडा जांभळा-निळा घाल. टोकाकडं उजळ आणि मुठीकडं गडद ठेवलंस की नजर आपोआप टोकावर जाते.

पेनाचा ड्रॉइंग टॅब्लेट नाही, माऊसवर जमेल का? (मिरज)

शिकायला जमेल. चित्रांचं क्रिटा आणि थ्रीडीचं ब्लेंडर दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, लॅसो टूलनं आकार निवडून टोन भरत जा. दोन रंग एकमेकांत मिसळायला मात्र पेनाचं प्रेशर असलं की बरंच सोपं जातं, तेव्हा बिनस्क्रीनचा छोटा टॅब्लेट घे, स्क्रीनवाल्याचा हट्ट नको.

सर, मी २०४८ पिक्सेलचं टेक्स्चर घेते तरी लांबून सीमवर (टेक्स्चरचे तुकडे जुळतात तिथं) रेघ दिसते. (कराड)

ताई, एका तलवारीला ५१२ पुरे, २०४८ म्हणजे त्याच्या सोळापट पिक्सेल, आणि तेवढे रंगवणार कोण? रेघेचा साइजशी संबंध नाही. वस्तू लांब गेली की इंजिन टेक्स्चरची लहान कॉपी वापरतं, ज्याला मिपमॅप म्हणतात, आणि त्यात यूव्ही आयलंडच्या (मॉडेल उलगडून सपाट केलेल्या तुकड्याच्या) बाहेरचा रंग आत मिसळतो, म्हणून रंग कडेच्या बाहेर आठेक पिक्सेल तरी वाढवून ठेवा. पात्याच्या दोन्ही बाजू एकाच आयलंडवर बसवल्या तर काम निम्मं होतं, फक्त मग पात्यावर अक्षरं लिहू नका, दुसऱ्या बाजूला उलटी येतात.

एओ (खाचा-कोपऱ्यांतली सावली) बेक करून, म्हणजे सॉफ्टवेअरकडूनच काढून घेऊन, वापरणं म्हणजे चीटिंग ना? (विटा)

कसलं चीटिंग! गणपतीच्या कारखान्यात सोवळ्याच्या चुण्यांत स्प्रे गननं गडद शेड मारतात, हे तेच. मल्टिप्लाय लेयरवर (खालचा रंग गडद करणारा थर) हलका ठेव आणि करड्याऐवजी कोमट तपकिरी टिंट दे. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी शेवटी होते, तसे मुठीतले खडे आणि चमकणाऱ्या रेषाही शेवटीच.

आणि हो, ब्लेंडरमध्ये रंगवत असाल तर इमेज वेगळी सेव्ह करा, इमेज मेनूपुढं चांदणी (*) दिसली की ऑल्ट-एस. जुन्या व्हर्जनमध्ये मी रात्रभर एक कुऱ्हाड रंगवली, नुसती ब्लेंड फाइल सेव्ह करून झोपलो, सकाळी उघडतोय तर कुऱ्हाड काळीठिक्कर.