पत्र येतं, पण जात नाही

वाचकांचे प्रश्न : डिसेंबर २००३

प्रश्न : मी चिपळूणला राहते, शाळेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली. मुलगा कॅलिफोर्नियात आहे, म्हणून घरी संगणक घेतला. विंडोज ९८ आहे, मेलसाठी आउटलुक एक्सप्रेस वापरते. दिवाळीच्या आधी टेलिफोनवरून जोडायच्या इंटरनेटचे विकत घेतलेले तास संपले. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीचं शंभर तासांचं पॅकेट आणून जोडून दिलं. मेलचा पत्ता जुनाच ठेवला, कारण तो वर्षभर चालू राहणार आहे. तेव्हापासून मुलाची पत्रं येतात, पण माझं एकही जात नाही. सहा पत्रं आउटबॉक्समध्ये पडून आहेत. दुकानदार म्हणतो, विंडोज खराब झालंय, सगळं पुसून नव्याने टाकावं लागेल, सहाशे रुपये होतील. मेल जात नाही म्हणून हे आंतरदेशीय पाठवते आहे. पडद्यावर आलेला मजकूर खाली उतरवला आहे.

उत्तर : बाई, विंडोज पुसू देऊ नका. तुमच्या संगणकात काहीही बिघडलेलं नाही. तुम्ही पडद्यावरचा मजकूर अक्षरन् अक्षर उतरवून पाठवलात, त्यात उत्तर स्वच्छ लिहिलेलं आहे. ‘रिलेइंग डिनाइड’, सर्व्हर एरर ५५०, पोर्ट २५ आणि शेवटी शून्य-एक्स-८००-सीसीसी-७९. मला येणाऱ्या बहुतेक पत्रांत ‘काहीतरी एरर आली’ एवढंच असतं. मग पुन्हा पत्र, पुन्हा उत्तर, दोन महिने जातात. तुमच्यासारखं उतरवून कळवलं तर एका पत्रात काम होतं.

‘विंडोज बिघडलं असतं तर पत्रं आली तरी कशी असती?’ असं दुकानदाराला शांतपणे विचारा. मेल येणं आणि मेल जाणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि ती दोन वेगळे सर्व्हर, म्हणजे कंपनीकडचे संगणक, करतात. आलेली पत्रं कंपनीकडच्या तुमच्या खोक्यात, म्हणजे मेलबॉक्समध्ये, जमा असतात. आउटलुक तिथे तुमचं नाव आणि पासवर्ड सांगून ती घेऊन येतं. हे काम पोर्ट ११० वर, म्हणजे सर्व्हरच्या ११० क्रमांकाच्या दारातून चालतं. तुम्ही कुठल्या कंपनीच्या लाइनवरून आलात याच्याशी त्याला देणंघेणं नसतं, किल्ली बरोबर असली की झालं. म्हणून नव्या कंपनीच्या तासांवरही जुन्या खोक्यातली पत्रं तुम्हाला मिळत राहिली.

पाठवण्याची तऱ्हा वेगळी आहे. मेल पाठवण्याचे मूळ नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहिले आणि त्यांत पासवर्ड मागण्याची सोयच नव्हती. कोणीही यावं, पत्र द्यावं, सर्व्हरने ते पुढे पोचवावं, असा मोकळा कारभार होता. पुढे जाहिरातींचा कचरा पाठवणाऱ्यांनी या मोकळेपणाचा इतका गैरफायदा घेतला, की कंपन्यांनी दारं लावून घेतली. यंदाच्या ऑगस्टमध्ये सोबिग-एफ नावाच्या किड्याने लोकांच्या संगणकांतून आपणच मेल पाठवण्याचा सपाटा लावला होता, त्यानंतर तर ही सावधगिरी मला पूर्ण पटते. आता पाठवणारा सर्व्हर आधी पाहतो, हा माणूस आमच्या लाइनवरून आला आहे का? तुम्ही नव्या कंपनीच्या लाइनवरून येता आणि जुन्या कंपनीच्या सर्व्हरला सांगता, माझं पत्र कॅलिफोर्नियाला पोचवा. तो म्हणतो, तुम्ही आमच्याकडून आलेल्या नाही. ‘रिलेइंग डिनाइड’ म्हणजे एवढंच.

आता उपाय. आउटलुक एक्सप्रेसमध्ये टूल्स, अकाउंट्स, मग मेल या पानावर जा. तुमच्या खात्यावर एकदा टिचकी मारून प्रॉपर्टीज उघडा आणि सर्व्हर्स हे पान काढा. तिथे दोन ओळी दिसतील. वरची ‘इनकमिंग’ची ओळ जशी आहे तशीच राहू द्या. खालच्या ‘आउटगोइंग’च्या ओळीत जुन्या कंपनीच्या सर्व्हरचं नाव असेल. ते खोडून नव्या पॅकेटबरोबर आलेल्या पुस्तिकेतलं नाव घाला. पुस्तिकेत ते ‘एसएमटीपी सर्व्हर’ या शब्दांपुढे छापलेलं असतं. पॅकेट टाकून दिलं असेल तर कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करून ‘आउटगोइंग मेल सर्व्हरचं नाव सांगा’ एवढंच विचारा. नाव लिहून घेताना प्रत्येक टिंब मोजून घ्या. एखादं टिंब राहिलं तर एररचा क्रमांक बदलतो, शेवटी ७९ च्या जागी ०डी येतं. म्हणजे त्या नावाचा सर्व्हरच सापडला नाही.

तुमचा मेलचा पत्ता जुनाच राहील आणि मुलाला काही फरक जाणवणार नाही. क्वचित एखादी कंपनी परका पत्ता पाहून पाठवणाऱ्यालाच नाकारते. तसं झालं तर शेवटचे आकडे ७८ येतील. मग दुसरा मार्ग धरायचा. आउटगोइंगला जुनंच नाव ठेवायचं आणि त्याच पानावर तळाशी ‘माय सर्व्हर रिक्वायर्स ऑथेंटिकेशन’ असं लिहिलंय, त्या चौकोनात खूण करायची. जुन्या कंपनीने ही सोय ठेवली असेल तर तुम्ही कुठूनही आलात तरी पासवर्ड पाहून ती पत्र घेईल. सर्व्हर गप्पच राहिला आणि १००६० हा आकडा आला, तर नवी कंपनी २५ क्रमांकाच्या दारातून बाहेर जाऊ देत नसावी. तेव्हा जुन्या कंपनीला विचारा की पोर्ट ५८७ चालू आहे का. डिसेंबर १९९८ पासून ग्राहकांचं पत्र घेण्यासाठी हे वेगळं दार नेमून दिलेलं आहे, पण सगळ्यांनी अजून ते उघडलेलं नाही.

बदल केल्यावर पाठवून पाहण्याआधी एक चाचणी करा, ती मला फार आवडते. इंटरनेट जोडा, मग स्टार्ट, रन, आणि टेलनेट असं टंकून एक जागा सोडून नव्या आउटगोइंग सर्व्हरचं नाव, पुन्हा एक जागा आणि २५. पांढरी खिडकी उघडेल आणि क्षणभराने २२० ने सुरू होणारी एक ओळ येईल. ती ओळ तो सर्व्हर स्वतः तुमच्याशी बोलतोय. आता ‘हेलो’ टाका, एच-ई-एल-ओ, एल एकच, मग जागा सोडून तुमच्या संगणकाचं कुठलंही नाव, आणि एंटर. तुम्ही टंकलेली अक्षरं बहुधा दिसणार नाहीत, घाबरू नका, ती पोचतात. २५० ची ओळ आली की ‘क्विट’ टाका. तो २२१ म्हणून निरोप घेईल. एवढं जमलं की टेलिफोनची लाइन, मोडेम, विंडोज, सर्व्हरचं नाव, सगळं शाबूत आहे असा पुरावा तुमच्या हातात आला. दुकानदारालाही दाखवा. त्याने लबाडी केली असं मी म्हणत नाही, माहीत नसलं की पुसून टाकण्याकडेच हात जातो.

ती सहा पत्रं कुठेही गेलेली नाहीत, ती तुमच्या घरातच आहेत. आउटगोइंगचं नाव बदलून ‘सेंड अँड रिसीव्ह’ दाबलंत की ती जातील. एक सवय मात्र लावून घ्या. ‘सेंड’ दाबलं म्हणजे पत्र गेलं असं नव्हे. आउटबॉक्समधून निघून ‘सेंट आयटम्स’मध्ये दिसलं की गेलं. माझ्या पुतणीने नोकरीचा अर्ज मुदतीच्या दोन दिवस आधी ‘पाठवला’ आणि निश्चिंत झाली. तिने तो लाइन तोडून ठेवून लिहिला होता, तास वाचावेत म्हणून. अर्ज आउटबॉक्समध्येच राहिला आणि ते कळेपर्यंत मुदत उलटून गेली होती. त्या दिवशी ती ज्या तऱ्हेने गप्प बसली ते मला अजून आठवतं. म्हणून ही गोष्ट मी संधी मिळेल तेव्हा लिहितो.

प्रश्न : नाशिकजवळ आमची द्राक्षबाग आहे. पानांवर ठिपके दिसले की मी डिजिटल कॅमेऱ्याने फोटो काढून पुण्यातल्या सल्लागारांना मेल करतो. पाच फोटो, मिळून चार एमबी. अर्धा तास मेल जात राहते आणि शेवटी टाइम आउट येतो. पुन्हा पाठवतो, पुन्हा तेच. काल सल्लागारांचा फोन आला, तेच फोटो चार वेळा आलेत, खोकं भरलं, आता पाठवू नका. मेल गेली नाही म्हणून दाखवते आणि तिकडे चार वेळा पोचते, हे कसं?

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मेल संपली हे सांगायला तुमचा संगणक शेवटी एका ओळीत नुसतं एक टिंब पाठवतो. सर्व्हरने ते ऐकून २५० असं उत्तर दिलं की पोच मिळाली. मोठं पत्र जागेवर ठेवायला सर्व्हरला वेळ लागतो. तेवढ्यात तुमच्या आउटलुकचा धीर सुटतो आणि ते लाइन सोडतं. सर्व्हरने पत्र घेतलेलं असतं, पोच तेवढी तुमच्यापर्यंत येत नाही. आउटलुकच्या दृष्टीने पत्र गेलेलंच नाही, म्हणून ते आउटबॉक्समध्ये राहतं आणि पुढच्या वेळी सबंध पुन्हा जातं.

आज लगेच दोन कामं करा. फाइल मेनूत ‘वर्क ऑफलाइन’ करा आणि ते पत्र आउटबॉक्समधून ओढून ‘ड्राफ्ट्स’मध्ये टाका, म्हणजे सल्लागारांना पाचवी प्रत जाणार नाही. मग खात्याच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘ॲडव्हान्स्ड’ पानावर ‘सर्व्हर टाइमआउट्स’ची पट्टी आहे. ती एका मिनिटावर असते, सरकवून पाच मिनिटांवर न्या. अँटिव्हायरस जाणारी प्रत्येक मेल तपासत असेल तर त्यातही वेळ जातो. पण अँटिव्हायरस बंद करू नका, पत्र लहान करा.

तुमचं मोडेम ५६ केचं आहे असं खोक्यावर लिहिलंय, पण तो वेग येण्याचा आहे. व्ही-९० या प्रकारच्या मोडेमचा पाठवण्याचा वेग फार तर ३३.६ के आणि खेड्यातल्या लाइनवर अठ्ठावीसच्या आसपास मिळाला तरी चांगलं. वर, मेलमधून फोटो पाठवताना तो अक्षरांच्या रूपात बदलावा लागतो आणि त्यात तो एक तृतीयांशाहून थोडा जास्तच फुगतो. तुमचे चार एमबी साडेपाच होतात, आणि त्या वेगाने साडेपाच एमबी जायला अर्ध्या तासाच्या जवळपास वेळ लागणारच.

इरफानव्ह्यू हे सॉफ्टवेअर घरगुती वापराला फुकट आहे. त्यात कंट्रोल-आर दाबून फोटो ६४० बाय ४८० करा, एकेक साठ केबीच्या आत येईल आणि पाचही फोटो दोनेक मिनिटांत जातील. पण रोगाच्या फोटोला हा उपाय अर्धाच आहे, आणि तो अर्धा तुमच्या बागेला महागात पडू शकतो. डाऊनी की भुरी, यांतला कुठला रोग आहे हे ओळखायला पानाच्या पाठीवरची पांढरी बुरशी स्पष्ट दिसायला हवी आणि फोटो आकसला की तीच आधी पुसट होते. म्हणून सबंध वेलीचा एक फोटो लहान करून पाठवा. ठिपक्याच्या फोटोत मात्र माउसने त्या ठिपक्याभोवती चौकट ओढा, तेवढाच भाग कापून घ्या आणि तो मूळ आकारातच पाठवा. बाकीचं आभाळ, तारा, मांडव सल्लागारांना नको आहे. एका मेलमध्ये एकच पान ठेवा, म्हणजे मध्येच लाइन तुटली तरी एकाच पानावर निभावतं.

प्रश्न : साताऱ्यात घरून वकिली करतो. मेल उतरते ठीक, पण पाठवायला लागलो की लाइन तुटते. पावसाळ्यात जास्तच.

उत्तर : मी बरीच वर्षं टेलिफोनच्या लाइनवर काम केलं आहे, त्यामुळे पावसाळा म्हटलं की माझं लक्ष आधी तारेकडे जातं. खांबावरून घरात येणाऱ्या तारेच्या जोडात ओल शिरली की खरखर येते. बोलताना ती आपण सहन करतो, मोडेमला ती सोसत नाही. आणि पाठवण्याचा वेग कमी असल्याने पत्र जाताना लाइन जास्त वेळ लागून राहते, म्हणून नेमकी तेव्हाच तुटते.

घरातली समांतर जोडलेली सगळी यंत्रं काढा. आतल्या खोलीत कोणी रिसीव्हर उचलला तरी मोडेम तुटतं. वायर ज्या पांढऱ्या डबीत पहिल्यांदा येते तिथेच थेट मोडेम जोडून बघा. कॉल वेटिंगची सोय असेल तर बंद करून घ्या, तो मधला टूं-टूं आवाजही पुरतो.

मग फोन उचला, डायल टोन ऐका आणि कुठलाही एकच आकडा दाबा. टोन थांबेल आणि काही सेकंद पूर्ण शांतता मिळेल. कान लावून ऐका. काहीच ऐकू आलं नाही तर लाइन चांगली आहे, मोडेम तपासा. तळणीसारखा आवाज आला तर तक्रार नोंदवा, पण तक्रारीत ‘इंटरनेट चालत नाही’ असं लिहू नका. ‘लाइनवर खरखर आहे’ असं लिहा, मग लाइनमन खांबापासून जोड तपासत येईल.