सापडलेलं मंगळसूत्र आठ दिवस घरात आहे. पोलिसांत देऊ, ठेवू, की दानपेटीत टाकू?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. एसटी स्टँडवर वाढलेलं, म्हणजे तुटलेलं, मंगळसूत्र सापडलं आणि आठ दिवस ते तुमच्या कपाटात आहे. पोलिसांत द्यावं तर त्या बाईपर्यंत पोचेल का ही शंका, ठेवावं तर मन खातंय, आणि आई म्हणतात की सापडलेलं सोनं लाभत नाही, देवाच्या पेटीत टाकून मोकळा हो.

मी बार्शीत सराफी पेढीवर बसतो, वडिलांच्या जागी, गेली बावीस वर्षं. सोनं हरवलेली माणसंही समोर येऊन बसतात आणि सोनं सापडलेलीही. आधी आईंच्या सल्ल्याबद्दल सांगतो. त्यांचा हेतू चांगला आहे, सोन्याची भीती आमच्या आजीलाही वाटायची. पण दुसऱ्याचं सोनं देवाला वाहणं म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणं. त्यातून तुम्ही मोकळे व्हाल, ती बाई होणार नाही. दानपेटीत पडलेला दागिना तिच्या हाती परत यायची वाटच बंद होते.

आता आमच्याच घरात घडलेलं सांगतो. मी नववीत होतो. एका लग्नात आत्याची पाटली हरवली. पेचाची पाटली होती, पेच झिजला होता, हात धुताना कधी निसटली ते कळलंच नाही. घरी आल्यावर शोधाशोध झाली. पाटली लग्नाच्या गर्दीत गेली की घरातूनच, हे कोणालाच ठाम सांगता येईना. आमच्याकडे धुणंभांडी करायला एक मावशी यायच्या, अकरा वर्षं येत होत्या. त्यांना कोणी एका शब्दानं काही म्हणालं नाही. फक्त आजी त्या भांडी घासत असताना मोरीजवळ पाट टाकून बसायला लागली. देवळीतल्या किल्ल्या कमरेला गेल्या. मावशींना काय कळायचं ते कळलं. महिना भरल्यावर पगार घेतला आणि त्या परत आल्या नाहीत.

पुढे सव्वा महिन्यानं एक गृहस्थ पाटली घेऊन आले, वर्तमानपत्राच्या कागदात बांधून. कार्यालयात हात धुवायच्या जागी, जाळीजवळ सापडली होती. माणूस सरळ होता. घ्यायची इच्छा असती तर आलेच नसते. कोणाला विचारावं, कसं विचारावं, उद्या बघू, असं करता करता दिवस गेले होते. आजोबांनी त्यांना टोपी-उपरणं दिलं, आत्यानं वाकून नमस्कार केला. संध्याकाळी आजी स्वतः मावशींच्या घरी गेली, मला बरोबर घेऊन. मावशींनी बसायला घोंगडी टाकली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. “बरं झालं सापडली,” एवढंच म्हणाल्या. कामावर मात्र आल्या नाहीत.

म्हणून मला तुमच्या प्रश्नातला ‘आठ दिवस’ हा शब्द सगळ्यात जास्त टोचला. ठेवायचं नाही हे तुम्ही मनाशी ठरवलंय, ते दिसतंच आहे. पण दागिना तुमच्या कपाटात आहे तोवर तिकडे कोणावर तरी संशय असेल. मोलकरणीवर, शेजारच्या पोरावर, नव्या सुनेवर. इथे तर मंगळसूत्र आहे. त्या बाईनं कदाचित घरी सांगितलंही नसेल, पदर घट्ट ओढून वावरत असेल. सांगितलं असेल तर सासरी काय काय ऐकावं लागलं असेल याचा अंदाज तुम्हालाही आहे. प्रामाणिकपणा म्हणजे आपण घेतलं नाही, एवढंच आपण धरून चालतो. मला वाटतं मालक शोधायला चपला घालून बाहेर पडणं हा त्यातला मोठा भाग आहे.

कायदाही तेच म्हणतो. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७१ प्रमाणे, सापडलेली वस्तू ज्यानं ताब्यात घेतली त्याची जबाबदारी ठेव सांभाळणाऱ्यासारखी असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ (पूर्वीच्या भारतीय दंड विधानाचं ४०३) अप्रामाणिकपणे दुसऱ्याची वस्तू आपलीशी करण्याबद्दल आहे. त्यात उदाहरणं दिलीत. रस्त्यावर पडलेला रुपया, कोणाचा ते माहीत नाही, उचलला, तर गुन्हा नाही. पण किमती अंगठी सापडली आणि मालकाचा शोध न घेता लगेच विकली, तर गुन्हा आहे. मालक कोण ते माहीत नव्हतं ही सबब तिथे चालत नाही. शोध घ्यायला पाहिजे आणि पुरेसा वेळ थांबायला पाहिजे.

आता काय करायचं ते सांगतो. उद्याच करा.

ओळखीच्या सराफाकडे जाऊन वजन करून घ्या आणि वजनाची चिठ्ठी घ्या. वाट्यांची पाठ भिंगाखाली बघायला सांगा. पाठीमागच्या खोलगट भागात हळद बसलेली असते, ती पुसू नका, नुसतं बघा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यांवर एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा सहा अक्षरी-अंकी ओळख क्रमांक, असणं सक्तीचं आहे. तो सापडला तर भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपवर टाका. शुद्धता, हॉलमार्किंग कुठे आणि कधी झालं, कोणत्या सराफाच्या नोंदणीवर झालं, हे दिसतं. तेवढ्यावरून पेढीपर्यंत पोचता येतं आणि पेढीवाल्याकडे विक्रीच्या नोंदी असतात. तो गिऱ्हाइकाचं नाव तुम्हाला देणार नाही, देऊही नये, पण स्वतः फोन करू शकतो. जुना दागिना असेल तर एचयूआयडी नसेल, पण पेढीचा ठसा असू शकतो. आसपासच्या तालुक्यांतले ठसे आम्ही जुने सराफ बहुतेक ओळखतो.

त्याच दिवशी स्टँडवरच्या चौकशी खिडकीत सांगून ठेवा. सापडल्याची तारीख, वेळ आणि तुमचा नंबर द्या. मग पोलीस ठाण्यात. तुमची शंका मी समजू शकतो, पण ती बाई किंवा तिचे घरचे गहाळ झाल्याची नोंद करायला तिथेच जाणार. तुम्ही घरी बसलात तर दोन्ही टोकं जुळणार कशी? अर्ज दोन प्रतींत लिहा. वजन, किती पदर, वाट्या कशा, कुठे आणि कधी सापडलं, सगळं त्यात घाला, वजनाची चिठ्ठी जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घेऊन या. पोच हातात असली की मधे वस्तू गेली कुठे हे विचारायचा अधिकार तुम्हाला राहतो.

फेसबुकवर किंवा गावाच्या ग्रुपवर फोटो टाकू नका, ही माझी कळकळीची विनंती. फोटो पाहून चार जणी येतील आणि चौघीही बरोबर वर्णन सांगतील. “अमुक दिवशी स्टँडवर सोन्याचा एक दागिना सापडला आहे, ओळख पटवून न्यावा,” एवढंच लिहा. मंगळसूत्र हा शब्दही नको. कोणी आलं तर तिला बोलू द्या. वाट्या भरीव की लाखेच्या, दोन वाट्यांच्या मधे काय ओवलंय, कुठे वाढलंय, हे जिचं आहे तिला न आठवता सांगता येतं. लग्नातला फोटो मागा, त्यात दागिना दिसतोच. चुकीच्या हातात देणं हे न देण्यापेक्षा वाईट, कारण त्यानंतर शोधच थांबतो.

बक्षिसाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढे प्रश्न येईल. मालकानं आधी रक्कम जाहीर केली असेल तर ती घेण्याचा हक्क कायद्यानं तुम्हाला आहे, त्याच करार कायद्याचं कलम १६८. जाहीर केली नसेल तर मागू नका. रिक्षाचे पैसे दिले तर घ्या. पेढे दिले, तुमच्या आईंची ओटी भरली, तर नाही म्हणू नका, देणारीचंही मन हलकं व्हावं लागतं.

२०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एका प्रयोगाबद्दल आलं होतं. ४० देशांतल्या ३५५ शहरांत बँका, हॉटेलं, सरकारी कचेऱ्या अशा ठिकाणच्या काउंटरवर ‘हे सापडलं’ म्हणून १७ हजारांहून जास्त पाकिटं दिली होती. बिनपैशांच्या पाकिटांपेक्षा पैसे असलेली पाकिटं जास्त परत केली गेली. आणि काही देशांत पाहिलं तर पैशांबरोबर किल्ली असलेली पाकिटं आणखी जास्त. किल्लीचा सापडणाऱ्याला काही उपयोग नसतो, तरी. मी हे वाचलं त्या दिवशी पेढीवर सगळ्यांना सांगत सुटलो होतो.

एक राहिलंच. त्या मंगळसूत्राचे सुटलेले काळे मणी आणि दोऱ्याचा तुकडा फेकून दिला नाहीत ना? आम्ही मोड, म्हणजे जुना दागिना, विकत घेताना मणी वजनात धरत नाही, बाजूला काढून ठेवतो. पण मागे एकदा आमच्या पेढीवरून असाच एक दागिना मालकिणीला परत गेला, तेव्हा तिनं वाट्यांकडे आधी पाहिलंच नाही. कागदाची पुडी उघडली, मणी तबकात पसरले आणि एकेक बोटानं बाजूला सारत मोजत बसली. आईनं ओवले होते म्हणाली. तुमच्याकडचे मणी पुडीत बांधा, दोऱ्यासकट, आणि अर्जात त्यांचाही उल्लेख करा.