वाचक विचारतात : नकाशा आहे, मग पुन्हा खर्च कशाला?

प्रश्न : मी शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहे. अग्निशमन दलासाठी इमारतीचा नवा नकाशा करायचा प्रस्ताव आलाय. आर्किटेक्टचा नकाशा कपाटात असताना हा खर्च हवाच का?

उत्तर : हवा. अग्निशमन दलात असताना असाच कपाटातला नकाशा घेऊन मी एका शाळेत शिरलो होतो. धुरात भिंत चाचपडत जिन्याशी पोचलो, तर तिथे कुलूपबंद ग्रिल आणि मागे मोडक्या बाकांचा ढीग! आर्किटेक्ट काय बांधायचं ते काढतो. आम्हाला आज काय उभं आहे ते हवं असतं.

म्हणून पैसे आधी प्रत्येक खोलीत फिरून खातरजमा करणाऱ्या माणसावर घाला. रंगीत थ्रीडी चित्रं नसली तरी चालतं. उत्तर दिशा, मेन स्विच, गॅसचा व्हॉल्व्ह, पाण्याची टाकी दाखवा. दारांना क्रमांक द्या आणि तेच बाहेरून ठळक रंगवा; ‘मागचं दार’ म्हटलं की चौघं चार दारांशी जातात. फाइल इंटरनेटशिवाय उघडली पाहिजे. वेबसाइटवर मात्र टाकू नका.

आणि नकाशाच्या दरवर्षीच्या दुरुस्तीची तरतूद आत्ताच करा. एक नवं पार्टिशन उभं राहिलं की नकाशा जुना झाला.