प्रयोग, चाचणी आणि कसोटी

एका भाषांतरकार वाचकाने विचारले आहे, की तांत्रिक अहवालात त्यांनी 'अलोह धातूंच्या धातुकांवरील प्रक्रियापद्धतींचे औद्योगिक परीक्षण' असे लिहिले होते. (धातुक म्हणजे ज्यातून धातू काढतात ते खनिज, आणि अलोह म्हणजे लोखंडाखेरीजचे.) संपादकांनी 'परीक्षण' काढून 'चाचणी' घातले. यांतले योग्य कोणते, आणि 'अलोह' बरोबर की 'लोहेतर'?

संपादकांचा बदल मला पटतो. 'परीक्षण' जी वस्तू समोर तयार आहे तिचे होते : ग्रंथाचे, हिशेबांचे, मातीच्या नमुन्याचे. प्रक्रियापद्धत ही अशी वस्तू नव्हे. ती चालवून पाहावी लागते, आणि चालवून पाहण्याला मराठीत 'चाचणी'च म्हणतात. माझी खरी हरकत 'औद्योगिक' या विशेषणाला आहे. औद्योगिक वसाहत, औद्योगिक न्यायालय, औद्योगिक धोरण या प्रयोगांत त्याचा अर्थ 'उद्योगांसंबंधीचा' असा होतो. त्यातून कामाचे प्रमाण कळत नाही. अहवालात मात्र प्रमाण हाच मुद्दा आहे.

तो किती महत्त्वाचा आहे हे ऑस्ट्रेलियातील ब्रोकन हिल येथील जस्ताच्या उदाहरणावरून दिसते. तेथील खाणींत शिसे आणि चांदी काढून घेतल्यावर उरलेल्या चुऱ्यात भरपूर जस्त राहत असे. परंतु ते वेगळे करता येत नसल्यामुळे लाखो टन चुऱ्याचे ढिगारे साठले होते. १९०२ साली पॉटर आणि डेलप्रॅट यांनी, एकाने गंधकाम्ल व दुसऱ्याने आम्लधर्मी क्षार वापरून, बुडबुड्यांच्या आधाराने सल्फाइडचे, म्हणजे धातू व गंधक यांच्या संयुगाचे, कण वर तरंगवण्याच्या पद्धती मांडल्या. १९०५ साली लंडनमधील मिनरल्स सेपरेशन या कंपनीच्या संशोधकांना अगदी थोडे तेल आणि जोराने घुसळलेली हवा यांनी तेच काम अधिक चांगले साधते असे आढळले. आपल्या शालेय पुस्तकांतली 'फेनतरण पद्धत' ती हीच. पण प्रयोगशाळेतल्या भांड्यात एकदाच भरलेला चुरा आणि कारखान्यात रात्रंदिवस वाहणारा गाळ यांत फार फरक असतो. कारखान्यात तेच पाणी पुन्हा वापरले जाते, त्यामुळे आधीच्या रसायनांचे अवशेष त्यात येतात. अर्धवट वेगळा झालेला माल फिरून मागच्या टाक्यांत जातो. खाणीतून येणारा दगडही रोज सारखा नसतो. म्हणून मधली पायरी लागते, ती पायलट प्लांटची, म्हणजे कारखान्याच्या छोट्या नमुना-संयंत्राची. नागपुरात मुख्यालय असलेल्या भारतीय खान ब्यूरोचा असा प्लांट हिंगण्याला आहे. त्यानंतर प्रत्यक्ष कारखान्यात, शक्य असेल तर दोन समांतर रांगांपैकी एकीवर जुनी आणि दुसरीवर नवी पद्धत चालवून, किती धातू हाती आला आणि किती चुऱ्यात वाया गेला हे ताडून पाहतात.

या तीन पायऱ्यांसाठी मराठीत तीन शब्द सहज वाटून देता येतात, आणि त्यांची क्रियापदेच अर्थ उघड करतात. प्रयोग आपण 'करतो', चाचणी आपण 'घेतो', कसोटीला मात्र ती गोष्ट स्वतः 'उतरते'. पहिल्या दोहोंत सूत्रे माणसाच्या हाती आहेत. तिसऱ्यात निकाल वस्तूच्या अंगच्या गुणावर सोपवलेला आहे. प्रयोगशाळेत प्रयोग, पायलट प्लांटमध्ये चाचणी, आणि कारखान्यात कसोटी, अशी ही योजना मला रास्त वाटते. अर्थात कारखान्यातली माणसे 'ट्रायल घेतली' असेच म्हणतात, आणि बोलण्यात त्याला नावे ठेवण्याचे काही कारण नाही.

'कसोटी' येथे शोभते याला आणखी एक कारण आहे. हा शब्द मुळात धातूंच्याच व्यवहारातला. संस्कृत 'कषपट्टिका', म्हणजे घासून पाहण्याची पाटी, यावरून तो प्राकृतातून आला. सराफ सोने ज्या काळ्या दगडावर घासून पाहतो तोच हा दगड. त्याच कुळातला 'कस' आजही धातुकाची प्रत सांगायला उपयोगी पडतो : 'कमी कसाचे धातुक' असे म्हटले, की त्यात धातू थोडा आहे हे कोणालाही कळते. मध्य प्रदेशातील मलाजखंडची तांब्याची खाण गोंदियापासून फार दूर नाही. तेथल्यासारख्या धातुकात शंभर भागांत तांब्याचा साधारण एकच भाग असतो, म्हणून 'संहतीकरण', म्हणजे निरुपयोगी भाग वेगळा काढून धातूचे प्रमाण वाढवणे, ही पहिली पायरी टाळता येत नाही.

राहिला प्रश्न 'अलोह'चा. रसशास्त्राच्या, म्हणजे धातूंपासून औषधे करण्याच्या प्राचीन विद्येच्या, जुन्या परिभाषेत 'लोह' म्हणजे केवळ लोखंड नव्हे, तर धातू. तेथे सोने-रुपे हे शुद्धलोह, शिसे व कथील हे पूतिलोह, पितळ व कांसे हे मिश्रलोह. त्या हिशेबाने तांब्याला 'अलोह' म्हणणे म्हणजे त्याचे धातुपणच नाकारणे होय! आज 'लोह' लोखंडापुरता उरला आहे आणि धातू नसलेल्यांना 'अधातू' हा शब्द आहे, तेव्हा गोंधळ प्रत्यक्षात होत नाही. तरीही 'लोखंडाखेरीज इतर' हा अर्थ 'लोहेतर' नेमका सांगतो, म्हणून मी तोच घेईन. संपूर्ण शब्दप्रयोग मग असा होईल : 'लोहेतर धातूंच्या धातुकांवरील प्रक्रियापद्धतींची कारखान्यातील चाचणी'. मथळ्यात जागा असेल आणि संपादक राजी असतील, तर 'चाचणी'च्या जागी 'कसोटी' घालावी.