पंचवीस वर्षांच्या व्हिडिओ डायऱ्यांतून अर्धी खरी, अर्धी रचलेली फिल्म कशी करावी?

तुमच्यासारखाच टेपांचा ढीग माझ्याकडेही आहे, १९९९पासूनचा. यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याजवळच्या आमच्या गावातला. फिल्म अजून पुरी झालेली नाही, त्यामुळे अर्ध्या वाटेवरून सांगतो.

आधी टेपा कॉम्प्युटरवर उतरवा. मिनी-डीव्हीची, म्हणजे जुन्या कॅमेऱ्यातल्या छोट्या डिजिटल कॅसेटची, तासाभराची टेप उतरायला तासच लागतो आणि साधारण १३ जीबी जागा खाते. त्यात आमच्याकडची लाइन; पन्नासाव्या मिनिटाला हमखास जाते. टेपेवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅमेऱ्यात घालू नका, टेप वाचणारं हेड खराब होतं.

मग वही घेऊन सगळं पाहा. माझ्या टेपांत पोळा दरवर्षी आहे: झुली, बेगड, तोरणाखाली म्हणायच्या झडत्या. २००९चा मात्र नाही. त्या वर्षी पोळ्याआधीच बाबांनी बैलजोडी विकली आणि मी कितीतरी दिवस कॅमेरा हातात धरला नाही. पुढची टेप थेट कापूस वेचणीची. मागे गोठा दिसतो, त्यात मोटरसायकल उभी. त्याबद्दल कोणीच काही बोलत नाही. माझी रचलेली गोष्ट याच फटीत शिरली.

बैल विकले त्या दिवशी मी काम काढून नागपूरला पळालो होतो. फिल्ममधला पोरगा घरीच थांबतो, व्यापाऱ्याच्या हाती कासरा तोच देतो. त्याला माझंच नाव होतं तोवर हे लिहिता येईना. नाव बदललं आणि जमलं. काम पुतण्याने केलं, बैल शेजाऱ्याचे. पहिल्यांदा मोबाइलवर काढलं तर बियाण्याची जाहिरात वाटली! मग जुनाच कॅमेरा दुरुस्त करून घेतला. कोपऱ्यात २००९ची तारीख टाकायचा मोह झाला, पण टाकली नाही. खऱ्या टेपांवर तारीख आहे, रचलेल्यावर नाही. ज्याला ओळखायचं तो ओळखेल.

घरच्यांना मात्र आधी दाखवा. आईचं काम पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत वावरलेल्या एका बाईंनी केलं, गोठ्याच्या खांबाला धरून काय रडल्या! आईने लॅपटॉपवर पाहिलं आणि म्हणाली, "मी कुठी रडली अशी? मी तं भाकरी टाकत होती. पाच जास्तीच्या झाल्या."

आता तो सीन चुलीपुढे पुन्हा काढायचा आहे. बाईंना ज्वारीची भाकरी थापता येते का, तेवढं विचारायचं राहिलंय.