आवाज घोगरा म्हणून

प्रश्न : माझी लेक २२ वर्षांची आहे, लहानपणापासून गाणं शिकते. ठाण्यातल्या एका स्पर्धेत परीक्षक सगळ्यांदेखत म्हणाले, ‘आवाज घोगरा आहे, गाण्याच्या वाटेला जाऊ नकोस.’ तेव्हापासून तिने तंबोऱ्याची गवसणी काढलेली नाही. मागच्या अंकात तुम्ही शार्ल अझनावूर या फ्रेंच गायक-नटाचं नाव घेतलंत. ते कोण? – एक आई, नौपाडा

उत्तर : ताई, पत्र वाचून त्या परीक्षकांचा फार राग आला. असं चारचौघांत बोलतात का लेकराला?

अझनावूर १९२४ साली पॅरिसमध्ये जन्मले. आईवडील आर्मेनियन निर्वासित. उंची जेमतेम सव्वापाच फूट आणि आवाज भरडा, धुरकट. त्यांनी स्वतःच आपल्या उणिवा लिहून काढल्या होत्या : आवाज, उंची, हावभाव, अपुरं शिक्षण. प्रसिद्ध फ्रेंच गायिका एदित पियाफ यांनी त्यांना हाताशी धरलं. त्यांच्यासाठी ते गाणी लिहीत, दौऱ्यात पडेल ते काम करत. स्वतःचं नाव व्हायला १९६० उजाडलं, म्हणजे वय ३६!

त्या वर्षी पॅरिसच्या आल्हाम्ब्रा थिएटरात त्यांनी एका अपयशी गायकाचं गाणं म्हटलं. नव्या फॅशनचा निळा सूट, फोटो आणि वाद्यमेळ यांत त्या गायकाची सगळी शिल्लक संपलेली असते. हे गाणं गोड गळ्यातून खोटं वाटलं असतं. त्याच वर्षी फ्रान्स्वा त्रुफोंच्या चित्रपटात ते बारमधल्या अबोल पियानोवादकाच्या भूमिकेत दिसले. मी तो तीनदा पाहिला. ते फार बोलत नाहीत, पण नजर हलत नाही त्यांच्यावरून. पुढे कितीतरी चित्रपट केले. १९८८ साली आर्मेनियात भूकंप झाला, तेव्हा मदतीसाठी फ्रान्समधले कलाकार गोळा करून गाणं केलं. २०१८च्या सप्टेंबरात ते जपानमध्ये गायले आणि १ ऑक्टोबरला, ९४व्या वर्षी, गेले.

आता लेकीचं. स्पर्धेत ती कुठल्या पट्टीत गायली? बहुतेक काळी चार, म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी. मुलगी म्हटलं की तीच धरायची, ही आपल्याकडची सवय. घोगरा आवाज तिथं ताणला की फाटतो, आणि दोष मात्र गळ्याला. तिचा षड्ज, म्हणजे ‘सा’, खाली असेल, काळी एकवर किंवा त्याच्याही खाली. रविवारी सकाळी तिला चरईत माझ्याकडे घेऊन या. तंबोरा आणू नका, माझा आहे. तारा उतरवून ठेवते. तिचा सूर जिथं आपसूक टेकेल, तिथं जुळवू.